कांद्यावर कुणी काय लिहिलंय

ओतूरच्या कॉलेजातल्या ग्रंथालयाच्या बाई संगणकाला हात लावण्याआधी बांगड्या कोपराकडे सारायच्या, जणू कणीकच मळायची आहे. मग पडद्यावर उमटलेली नावं एसटीच्या कंडक्टरसारखी पुकारायच्या.

मी लेकीला घेऊन गेलो, त्याच दिवशी तिला एम.ए.च्या प्रबंधाचा विषय द्यायचा होता. तिला न विचारता मीच ठरवला होता, कांदा. बाईंनी संगणकावर शोध घेतला.

"साठवणीतला कांदा का सडतो. कांद्याचे बाजारभाव. कांदा चिरताना डोळ्याला पाणी का येतं. कांदा लावणाऱ्या बायांची गाणी."

गाण्यांवरही विद्वान लिहितात, हे मला नवीनच.

"गाणी ऱ्हाऊ द्या, बाजारभावाचं काढा," मी फर्मावलं. लेकीनं मान खाली घातली.

बाईंनी पडदा सरळ तिच्याकडे फिरवला. "भाऊ, परीक्षा तुमाला द्यायचीय का हिला? जा, च्या पिऊन या."

मी निमूट गेलो. परत आलो तेव्हा विषय ठरला होता, गाणीच. दोघी खुशीत होत्या.

"भाऊ, तुमच्यात कांदालावणीच्या वक्ताला कोण गातं वो?" बाईंनी विचारलं. "हिला पयली गाणी तिथूनच मिळतील."

मी पुष्कळ आठवून पाहिलं.

"आई," लेक म्हणाली.