लाइनवर कोणीतरी आहे

साऱ्या खानदेशात बोलणारे हजारो आणि ऐकणारे लाखो सापडतील, पण चोरून ऐकणाऱ्याला नेमकं हुडकून काढणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो धुळ्यात, देवपुरात, माझा घरमालक होता. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही नानाच म्हणू लागलो. शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली म्हणून मी पारोळ्याहून धुळ्यात आलो आणि त्यांच्या गच्चीवरची खोली भाड्याने मागायला गेलो, तेव्हा त्यांनी माझं गाव, जात, पगार यांतलं काहीएक विचारलं नाही. त्यांनी दार लावलं, खिडकी लावली, पंखा पाचावर केला आणि त्या घरघराटात माझ्या कानाशी येऊन विचारलं, "रेडिओ शे का?" मी नाही म्हणालो. "टेप?" तोही नव्हता. "मंग ऱ्हाय बिनघोर," असं म्हणून त्यांनी पंखा बंद केला आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

रेडिओला लायसन लागायचं त्या काळात नाना ते तपासायच्या सरकारी नोकरीत होते. आजच्या मुलांना खरं वाटत नाही, पण घरात रेडिओ ठेवायचा तर दरवर्षी पैसे भरून लायसनच्या पुस्तकात नोंद करून घ्यावी लागे, आणि अर्थातच निम्मं गाव त्या भानगडीत पडत नसे. इतर तपासनीस दार वाजवून विचारत, लोक 'नाही' म्हणत, मग दोघं मिळून चहा पीत आणि प्रकरण मिटे. नानांना हे मंजूर नव्हतं. त्यांनी एक शोध लावला होता. म्हणजे जाणकारांना तो आधीपासून ठाऊक होता, पण दोंडाईचा ते पारोळा या टापूत तो नानांच्या एकट्याच्या मालकीचा होता. चालू असलेला रेडिओ नुसता ऐकत नाही, तो स्वतःही बारीकसं काहीतरी हवेत सोडत असतो, आणि दुसरा रेडिओ बरोबर जागी लावून त्याच्याजवळ नेला की त्या दुसऱ्या रेडिओत शीळ वाजते. त्यामुळे खांद्याला पिशवी, पिशवीत ट्रान्झिस्टर आणि पिशवीला कान अशा अवस्थेत नाना गावोगावच्या बोळांतून हिंडत. आमच्या पारोळ्यात एका कापसाच्या व्यापाऱ्याने नानांना लांबून पाहिलं आणि घाईघाईत रेडिओ चालूच्या चालू कोठीत टाकून वर दोन पायल्या दादर ज्वारी ओतली. नाना कोठीपाशी थांबले, कान लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "शेठ, तुमनी दादर शीळ वाजाडस!" शेठजींना दंड तर झालाच, पण पुढे कित्येक वर्षं त्यांच्याकडे ज्वारी घ्यायला येणारे लोक आधी पोत्याला कान लावून बघायचे.

स्वतःच्या लग्नातही त्यांनी सुट्टी घेतली नाही. सासऱ्यांनी हौसेने जावयाला रेडिओ दिला, तर बाशिंग बांधलेल्या जावयाने भर मांडवात विचारलं, "लायसन?" सासरे कावरेबावरे झाले. मुहूर्त टळायची वेळ आली, भटजी ओरडू लागले, तेव्हा दुसऱ्या दिवशी लायसन काढतो असं सासऱ्यांनी लिहून दिलं आणि मगच नवरदेव बोहल्यावर चढले. ही गोष्ट मला नानांच्या बायकोने, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, कितीदा तरी हसत हसत सांगितली. सांगता सांगता त्यांचं हसू मध्येच कुठेतरी थांबायचं आणि त्या पदर नीट करायच्या.

पुढे ऐंशीच्या दशकात लायसनच रद्द झालं आणि नानांच्या हातातली विद्या कवडीमोल झाली. दुसरा एखादा शेतीवाडीत रमला असता. नानांनी मात्र असा अर्थ काढला की सरकारने तपासणी सोडली याचा अर्थ आता सगळेच सगळ्यांचं ऐकतात, आणि त्या दिवसापासून त्यांनी घरात बोलणंच सोडलं. म्हणजे अगदी मौन नव्हे. घरात बोलायला त्यांनी दोन विषय ठेवले होते: पाणी आलं आणि पाणी गेलं. बाकी सगळा कारभार खुणांवर चाले. मीठ हवं असेल तर चिमूट दाखवायची, भाकरी हवी असेल तर एक बोट वर करायचं. अक्का जात्याच बोलक्या, माहेरी सात भावंडांत वाढलेल्या. त्या बिचाऱ्या नळाशी बोलायच्या, तव्याशी बोलायच्या, दारावर येणाऱ्या गायीला अख्ख्या घराची हकिकत सांगायच्या. मी बादली घेऊन जिना चढू लागलो की त्या हमखास मला अडवून तीन वाक्यं जास्त बोलायच्या. मला शाळेची घाई असायची आणि मी हूं हूं करून सटकायचो, याचं आज वाईट वाटतं.

अशा घरात, नव्वदीच्या सुरुवातीला, मस्कतला असलेल्या त्यांच्या मुलाने कॉर्डलेस फोन आणला. वायर नाही, हातात धरून गच्चीवर नेला तरी बोलता येतं, हे पाहायला सगळी गल्ली लोटली. नानांनी मात्र त्याला हातही लावला नाही. "हाऊ फोन नही भो, हाई चावडी शे," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं असं की या फोनवरचं बोलणं साध्या रेडिओच्या काट्याच्या टोकाला ऐकू येतं, आणि हे म्हणणं शंभर टक्के खरं होतं. नेमकं त्याच वेळी माझं लग्न ठरलं होतं. मुलगी जळगावची, एका वाचनालयात नोकरीला. संध्याकाळी सहानंतर तिथल्या फोनशी ती एकटीच असायची, पण लग्नाआधी बोलायचं नाही हा तिच्या वडिलांचा सक्त हुकूम होता आणि आमच्या बोलण्याची कुणकुण लागली असती तर त्यांनी सोयरीक मोडायला कमी केलं नसतं. मी भीत भीत नानांकडे कॉर्डलेस मागितला. ते एकदम खुलले. "घेई जाय. रोज बोल. कोण ऐकस ते मी देखस." मासा पकडायला गळाला गांडूळ लावतात, ती जागा माझ्या प्रेमाला मिळाली.

महिनाभर काही झालं नाही. मग एकदा तिने फोनवर सांगितलं की भाकरी भाजताना बोटं पोळली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी मला जिन्यात अडवलं आणि एक मलमाची डबी हातात ठेवली. "रविवारले जळगाव जाशी ना? गुपचूप तिले दे, सांग बोटले लाव." मी गारच पडलो. तुम्हाला कोणी सांगितलं म्हटल्यावर त्या गडबडल्या आणि म्हणाल्या, "लोके बोलतस." एवढं झाल्यावर कोणत्याही शहाण्या माणसाला जे कळलं असतं, ते आम्हा दोघा पुरुषांना कळलं नाही. मी धावत नानांकडे गेलो. नानांचे डोळे चमकले. अक्कांपर्यंत बातमी आली त्या अर्थी गल्लीत कोणीतरी रेडिओवर आमचं ऐकतंय आणि पसरवतंय, असा त्यांनी निकाल दिला. कितीतरी वर्षांनी पिशवी खांद्याला लागली.

त्यानंतरचे आठ दिवस नाना तिशीतले झाले होते. सहाला मी गच्चीवरून बोलायला सुरुवात करायची आणि त्यांनी पिशवीला कान लावून गल्ली पिंजून काढायची. पहिला संशय समोरच्या टेलरवर गेला, कारण तिथे पिशवीत खरखर यायची. ती शिलाई मशीनच्या मोटरची होती, पण खात्री करायला नाना तीन दिवस दुकानात जाऊन उभे राहिले, आणि टेलरचाचा इतका भला माणूस की रोज प्रेमाने माप घ्यायचा. तीन पायजमे शिवून झाल्यावर नानांनी त्याला निर्दोष सोडलं. मग किराणावाला, मग एक निवृत्त मास्तर. कुठेच शीळ नाही. वैतागून ते घराकडे वळले आणि घराजवळ येता येता पिशवी शीळ घालू लागली.

मी वरून पाहत होतो. एकीकडे जळगावला बोलत होतो आणि एकीकडे खाली नाना फाटकातून आत येताना दिसत होते. ते अंगणातून परसात गेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबले. मी आपला नेहमीचंच विचारत होतो: डोकं दुखायचं थांबलं का, डबा संपवलास का, दुपारी नीट जेवलीस का. आणि खालून, त्या खिडकीतून, सासऱ्यांनी दिलेल्या त्याच रेडिओतून, माझाच आवाज येत होता. मी घाबरून गप्प झालो. त्या शांततेत अक्का तव्याशी बोलल्या ते मला वरपर्यंत ऐकू आलं. "पोऱ्या कितलं इचारस तिले! जेवनी का, थकनी का. माले तीस वरीसमा कोणी इचारं नही."

आत भाकरी करपल्याचा वास आला. नानांनी पिशवीत हात घालून आपला ट्रान्झिस्टर बंद केला. बराच वेळ ते तिथेच, भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग जिना चढून वर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नही सापडना. भलताच दूर शे कोणीतरी." आयुष्यात एकही गुन्हेगार न सोडणाऱ्या माणसाने सोडलेला हा पहिला आणि शेवटचा. जाता जाता जिन्यात थांबून म्हणाले, "तू बोलत ऱ्हाय. बंद नको करू." आणि मग, फारच हळू, "तू काय काय इचारस रे तिले?"

माझ्या लग्नाची काळजी त्या क्षणी संपली. अक्कांच्या पोटात माझं गुपित सुखरूप होतं. प्रश्न आता नानांचा होता. तीस वर्षं न विचारलेलं, बायको समोर असेपर्यंत, त्यांना विचारता येईल की नाही एवढाच. ते खरोखर प्रयत्न करत. मी कित्येकदा त्यांच्या पंक्तीला बसलोय. नाना घास थांबवत, अक्कांकडे बघत, तोंड उघडत. मी मनातल्या मनात म्हणायचो, बोला नाना, आता बोला. ते पंख्याकडे बघत, घसा साफ करत आणि म्हणत, "पाणी उनं का?" अक्का म्हणत, "उनं." मला हसू यायचं आणि त्याच वेळी रडूही यायचं.

माझं लग्न झालं आणि मी बदली मागून जळगावला आलो. तिथे फोन लागल्यावर पहिल्याच शनिवारी संध्याकाळी सहाला घंटी वाजली. नाना होते. त्यांच्या आवाजामागे कावळे ओरडत होते, म्हणजे ते गच्चीवर होते, म्हणजे ज्याला कधी हात लावला नाही तो कॉर्डलेस त्यांच्या हातात होता. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्यावर ते एकदम मोठ्याने म्हणाले, "काल भरीत भलतंच झकास व्हयनं व्हतं!" मी विचारलं, "कुठलं भरीत?" "तू नुसता ऐकी ले ना," ते चिडून म्हणाले. पुढच्या शनिवारी, "आज ती दिवसभर उभी शे, पाय दुखत व्हतीन." माझ्या काही लक्षात येईना. माझ्या बायकोच्या ते चटकन लक्षात आलं. ती म्हणाली, "अहो, ते तुमच्याशी बोलतच नाहीयेत."

मग वर्षानुवर्षं दर शनिवारी सहाला मी फोन कानाला लावून बसायचो आणि नाना धुळ्याच्या गच्चीवरून खालच्या स्वयंपाकघराशी बोलायचे, जळगावमार्गे. एकदा म्हणाले, "मी सासराले मांडवमा लायसन इचारं, ते मनं चुकनं." सुरुवात मात्र ते नेहमी कामाच्या विषयाने करत, म्हणजे संशय नको. नव्वदीच्या शेवटी आमच्याकडे मोबाइल आले तेव्हा तर त्यांना विषयच विषय झाले. "मोबाइल भलता भोळा शे भो. जो जोरमा हाक मारस त्याले तो आपला टावर समजस. उद्या कोणी गाडीमा खोटा टावर लई उना, तर हाऊ त्यानाज गळामा पडी आनि सगळं सांगी दी." लोक हसायचे. नाना ओळखीच्या डॉक्टरांचा मोबाइल मागून घेत आणि त्याच्या सिग्नलच्या पट्ट्या मोजत देवपूरभर हिंडत. पाण्याच्या टाकीत एक खोटा टॉवर दडवलाय असं त्यांनी पंधरा दिवस धरून ठेवलं होतं. फोनवर हे सगळं रंगवून सांगून झालं की ते थोडं थांबत आणि आवाज बदलून म्हणत, "हिवाळा लागना. तिनी स्वेटर घालाले पाहिजे."

एका दिवाळीत आम्ही धुळ्याला गेलो तेव्हा अक्कांनी मला परसात गाठलं. त्या थकल्या होत्या, पण चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेला एक थाट होता. "शनिवारले घरज ऱ्हात जाय भाऊ," त्या म्हणाल्या. "फोन उचलत जाय." एवढंच. समोरासमोर त्या दोघांत तेव्हाही पाणी आलं नि पाणी गेलं इतकंच चालू होतं, हे मी त्याच दिवशी जेवताना पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. दिवसकार्य आटोपून आम्ही परत आलो. शनिवारी सहा वाजले, साडेसहा वाजले, फोन आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. तिसऱ्या शनिवारी मीच लावला. बऱ्याच घंटा झाल्यावर नानांनी उचलला. मागे कावळे नव्हते, वारा नव्हता, ते खाली बैठकीतल्या वायरच्या फोनवर बोलत होते. मी म्हणालो, "नाना, गच्चीवर जा ना. मोकळं वाटेल. कॉर्डलेस घ्या."

"कशाले?" नाना म्हणाले. "ऐकनार कोण शे आते?"

मी ऐकतोय, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांत ते माझ्यासाठी कधी बोललेच नव्हते. फोन मात्र दोघांपैकी कोणीच खाली ठेवला नाही, आणि बायकोने येऊन दिवा लावेपर्यंत मी तसाच बसून होतो.