सर्वानुमते मंजूर

ग्रामसभेला पुरेशी माणसं आली नाहीत म्हणून ती तहकूब झाली. तहकूब सभेला माणसांच्या संख्येची अट नसते, त्यामुळे ती आठवड्याने घेतली. मांडलेल्या खुर्च्यांमध्ये मी एकटीच होते. समोर ग्रामसेवक आणि सरपंच, माझीच जुनी विद्यार्थिनी. रिकाम्या सभागृहात तिघांचेही आवाज घुमत होते.

"पुढच्या वर्षीच्या आराखड्यात काय घ्यायचं, बाई?" ग्रामसेवकांनी विचारलं.

"आमच्या आळीत दिवा हवा."

सरपंच संकोचून म्हणाली, "पण बाई, त्या आळीत आता राहतं कोण?"

"मी राहते."

तिने ग्रामसेवकांकडे पाहिलं. मग म्हणाली, "घ्या लिहून."

"ठराव मंजूर?" ग्रामसेवकांनी सवयीने विचारलं. मी हात वर केला, आजूबाजूला पाहिलं आणि उगाचच अवघडले.

"सर्वानुमते मंजूर," ते म्हणाले. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे, असं मी वर्गात इतकी वर्षं शिकवलं. त्या दिवशी सगळे म्हणजे मीच होते.

पावसाळा सरल्यावर दिवा खरोखर लागला. पहिल्या संध्याकाळी मी हौसेने पायरीवर येऊन बसले. अंधार होता तेव्हा मनाची समजूत घालता यायची, की माणसं दिवेलागणीलाच दारं लावून आत बसली असतील. आता उजेडात कुलपं दिसत होती. समोरच्या दारावरचं, त्याच्या शेजारचं, पार टोकाच्या घरापर्यंत.