मास्तरांच्या हातांतलं माप

मास्तरांची पाठ म्हणजे तीस वर्षांच्या शिवणकामाची कमाई. कापडावर वाकून बेतायचं, मशीनवर वाकून शिवायचं. मग ती सरळ राहील कशी? सकाळी पलंगावरून उठताना त्यांच्या तोंडून जे शब्द निघत, ते इथे सांगण्यासारखे नाहीत. शेवटी मुलीने निक्षून सांगितलं, "बाबा, पाठ सुधारा, नाहीतर दुकान बंद." दुकान बंद म्हणजे मास्तर संपलेच की!

म्हणून ते व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं. पावलांत खांद्यांएवढं अंतर, गुडघे किंचित सैल, डोकं वरून दोऱ्याने धरल्यासारखं, आणि हात छातीसमोर गोल, कुणाला तरी कवेत घेतल्यासारखे. डोळे मिटून वीस मिनिटं श्वासाकडे बघायचं.

"हे तर रस्त्यावरचा खांबही करतो!" मास्तर म्हणाले.

तरी दुकान उघडायच्या आधी, आरशासमोर, ते रोज उभे राहू लागले. पंधरा दिवसांत पाठीची कळ निम्म्यावर आली. आणि त्याच सुमारास हातांना काहीतरी जाणवू लागलं.

टेप न लावता माप सांगण्यात मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि आता हातांच्या त्या रिकाम्या गोलात छत्तीस इंच भरत होतं. अगदी नेमकं छत्तीस. हवेचं कसलं आलंय डोंबलाचं माप, म्हणून त्यांनी स्वतःलाच वेड्यात काढलं. पुढच्या आठवड्यात चौतीस भरलं. मग एकतीस. हात त्यांनी आवळले नव्हते. आतलंच कमी होत होतं.

एकतीसला त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. मापांची जुनी वही काढायची गरजच नव्हती. बायको आजारी पडली त्या वर्षी तिचे कपडे त्यांनीच उसवून उसवून आत घेतले होते. छत्तीस, चौतीस, एकतीस, अठ्ठावीस. अठ्ठावीसच्या सकाळी तिला कवेत धरून ते उभं करत होते, तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. "एक मिनिट हं," म्हणत त्यांनी हात सोडले. ती पडली ती पुन्हा उठली नाही. हे त्यांनी मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं.

खड्ड्यात गेला तो व्यायाम, असं त्यांनी दहादा ठरवलं. पण पाठ सुधारत होती, आणि खरं सांगायचं तर त्या गोलात तिची ऊब होती. सोडवत नव्हतं.

मग एका सकाळी अठ्ठावीस भरलं.

वीस मिनिटं संपली. मास्तरांनी हात खाली केले नाहीत. एक गिऱ्हाईक हाका मारून कंटाळून गेलं. दुपारी शेजारच्या घड्याळवाल्याने मुलीला फोन केला, तेव्हा ती धावत आली. बाप आरशासमोर ताठ उभा होता, तिने जन्मात पाहिला नव्हता इतका ताठ. हात अजून छातीसमोर गोल होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"बाबा, अहो काय हे! हात खाली करा आधी."

"पडेल ती," मास्तर म्हणाले. "मागच्या वेळी मीच सोडलं होतं गं तिला."

मुलीला वाटलं, आपणच त्या हातांत शिरावं, म्हणजे बाबांचा जीव थाऱ्यावर येईल. आरशात तर त्यांच्या हातांमध्ये काहीच नव्हतं. ती वाकली आणि त्यांच्या हातांखालून अलगद आत शिरू लागली.

आत जागा नव्हती.