मागच्या सीटवरचा वास

गॅरेजात गाडी आली की नाकोबा आधी बॉनेट उघडायचा नाही. तो मागे जायचा, चालू गाडीच्या सायलेन्सरपुढे उजवा तळहात धरायचा, मनातल्या मनात दहा आकडे मोजायचा, आणि मग तो तळहात नाकाशी नेऊन डोळे मिटायचा. गाडीचा मालक समोर उभा असायचा, डॉक्टरनं एक्स-रे उजेडात धरला की घरचे उभे राहतात तसा. मग निकाल यायचा. "पेट्रोल जास्त खातेय." "ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा बघाव्या लागतील." "हिला काही झालेलं नाही साहेब, तुम्ही गियर फार उशिरा बदलता." तीस वर्षांत हे नाक क्वचितच चुकलं. त्यावरूनच त्याला हे नाव पडलं. शेजारचा टायरवाला रोज सकाळी शटर वर करताना ओरडायचा, "काय नाकोबा, काय म्हणतंय नाक?"

"जागेवर आहे," नाकोबा म्हणायचा.

जागेवर होतं, एवढंच. नऊ महिन्यांपूर्वी एका तापात वास गेला तो परत आलाच नाही. आधी त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. एका सकाळी तो ओट्याला टेकून पेपर वाचत होता आणि त्याच्यापासून दोन हातांवर दूध उतू जाऊन, करपून, पातेलं कोळशासारखं झालं. बायको केस पुसत धावत आली. "अहो, नाक आहे का चष्म्याची खुंटी?" तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. तिनं पातेलं घासायला घेतलं, आणि घासता घासता एकदम थांबली.

नाकाच्या डॉक्टरनं टॉर्च घालून पाहिलं. "येईल हळूहळू. नाहीही येणार." तेव्हापासून गॅरेजातल्या फळीवर, पान्यांच्या मागे, औषधाच्या तीन छोट्या बाटल्या होत्या. एकीत पेट्रोल, एकीत जळकं ऑइल, एकीत थिनर. रोज शटर उघडलं की नाकोबा तिघींची बुचं काढायचा, एकेक नाकाशी धरायचा, आणि परत लावून टाकायचा. तिघींतही पाणी भरलं असतं तरी त्याला काही फरक पडला नसता.

पण धंदा नाकावर चाललेला. बाकीच्या गॅरेजवाल्यांना काही कळेनासं झालं की ते गिऱ्हाइकासमोर स्कॅनर मिरवतात. नाकोबा स्कॅनर लपवायचा. हल्ली गाडीत काही बिघडलं की समोर पिवळा दिवा लागतो, आणि स्टिअरिंगखालच्या खाचेत स्कॅनरची वायर खोचली की गाडी आपणच आपलं दुखणं आकड्यांत सांगते. नाकोबा गिऱ्हाइकाला म्हणायचा, "पाणी प्या, तिकडं माठ आहे." तेवढ्यात तो फडक्यात गुंडाळलेलं यंत्र खोचायचा, आकडा वाचायचा, यंत्र परत फडक्यात. मग सावकाश मागे जाऊन तळहात धरायचा, डोळे मिटायचा. नाटक इतकं बेमालूम होतं की एकदोनदा त्यालाच वाटलं, वास आला.

यंत्र बहुतेक वेळा निभावून नेत होतं. बाईंची गाडी येईपर्यंत.

बाई म्हणजे नाकोबाच्या चौथीच्या वर्गशिक्षिका. आता बहात्तरीच्या पुढे, पण गाडी स्वतः चालवायच्या, तीही खडूसारखं स्टिअरिंग धरून, ताठ बसून. काकांना, म्हणजे त्यांच्या मिस्टरांना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. हॉस्पिटल गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून जायचं बळ काकांच्यात उरलं नव्हतं. ते मागच्या सीटवर पाय लांब करून बसायचे.

महिन्यापूर्वी बाईंच्या गाडीत पिवळा दिवा लागला. यंत्र म्हणालं, इंजिनात पेट्रोल जास्त जातंय. नाकोबानं धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलला, दिवा गेला. निघताना बाई म्हणाल्या, "आणि अरे, हे म्हणतात मागच्या सीटवर पेट्रोलचा वास मारतो. मळमळतं म्हणतात."

नाकोबानं मागचं दार उघडलं, डोकं आत घातलं, लांब श्वास घेतला, डोळे मिटले. "नाही बाई. काही नाही."

दहा दिवसांनी दिवा परत. या खेपेला त्यानं हवा मोजणारा सेन्सर काढून साफ केला. बाईंनी परत विचारलं. त्यानं परत डोकं आत घातलं. परत, "नाही हो बाई."

आणि आज तिसऱ्यांदा बाई दारात. दिवा लागलेलाच होता, पण त्याबद्दल त्या बोलल्याच नाहीत. चावी टेबलावर ठेवली आणि उभ्याच राहिल्या.

"बसा ना बाई."

"बसायला नाही आले. हे आता गाडीत बसायला तयार नाहीत. परवाचं डायलिसिस चुकलं. डॉक्टर मला बोलले, पोरीला बोलावं तसं. उद्या सकाळी सातला परत आहे, तेही चुकलं तर पाणी छातीत चढेल म्हणाले. आणि हे पाय रोवून बसलेत. म्हणतात, रिक्षात घाल, हातगाडीवर घाल, त्या डब्यात मी येत नाही."

"वास...?"

"वासच! मी सांगितलं ना त्यांना, नाकोबानं दोनदा बघितलं, वास नाही, तुमच्या औषधांनी तुम्हाला भास होतोय. तेव्हापासून वासाचा विषयच काढला नाही त्यांनी. नुसती काच खाली करून तोंड बाहेर काढून बसायचे. थंडीत. मला वाटलं, हट्टीपणा." बाईंनी पदरानं कपाळ टिपलं. "तुझ्या जिवावर मी त्यांना वेड्यात काढलं रे. बघ काय ते. संध्याकाळी गाडी दे."

बाई रिक्षानं गेल्या. नाकोबानं गाडी चालू केली, सवयीनं मागे जाऊन तळहात धरला, नाकाशी नेला. मग त्या हाताकडे बघत तसाच उभा राहिला. समोर गिऱ्हाईक नव्हतं, टायरवालाही नव्हता. कुणासाठी चाललं होतं हे?

एक वाजता बायको डबा घेऊन आली. दारातून चार पावलं आत आली आणि पदर नाकाला लावला. "अहो, पेट्रोल कुठं सांडलंय एवढं?"

"कुठं?"

"हे काय, या मागच्या चाकापाशी. डोकं उठलं माझं. तुम्हाला..." आणि तिनं डबा टेबलावर ठेवला.

नाकोबानं गाडी जॅकवर घेतली आणि पाठीवर सरपटत खाली गेला. जमीन कोरडी होती. टाकी बाहेरून कोरडी, पाइप कोरडे. टाकीच्या शेजारी, नेमका मागच्या सीटच्या खाली, काळा प्लास्टिकचा डबा असतो. त्यात कोळसा भरलेला असतो. टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर हवेत जाऊ नये म्हणून तो कोळसा ती धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की तेच ती थोडी थोडी ओढून जाळतं. त्यात वाफ असावी, थेंब असू नये. नाकोबानं डबा सोडवला. हाताला तो लागला एखाद्या कलिंगडासारखा जड. बाहेर आणून तिरका केला तर पेट्रोलची धारच लागली. तुंबलेल्या डब्यातून इंजिन वाफेऐवजी पेट्रोलच ओढत होतं. यंत्र खोटं बोललं नव्हतं. पेट्रोल जास्त जात होतं, पण कुठून, ते सांगायला नाक लागत होतं.

त्यानं बाईंना फोन लावला. "बाई, दिवा पेट्रोल भरल्यावर लागतो का?"

"अरे हो रे. दर वेळी दुसऱ्या दिवशी."

"भरता कशी टाकी?"

"कशी म्हणजे? तोंडापर्यंत. पंपावरच्या नळीचा खटका पडतो, तरी मी त्याला म्हणते, घाल अजून. गाडी हलवायला लावते जरा, म्हणजे हवा निघून आणखी बसतं. यांना घेऊन रस्त्यात अडकायला नको रे."

नाकोबानं फोन ठेवला. खटक्यानंतरचं ते सगळं पेट्रोल टाकीत न मावता डब्यात गेलं होतं.

बायकोनं डब्यातून जेवण काढून ठेवलं होतं. "सापडलं ना? मग नवा डबा बसवा आणि गप्प बसा. नऊ महिने झाकलंय, आता कशाला उघडं पडायचं? तो टायरवाला गावभर करील."

"आणि काकांना काय सांगू? आता वास येत नाही म्हणून?"

"हो. तेच."

"आधीही तेच सांगितलं होतं की."

बायकोच्या हातात झाकण तसंच राहिलं. ती म्हणाली, "जेवून तरी जा."

तो जेवला नाही. पार्टवाल्याकडून नवा डबा आणला, बसवला, दिवा घालवला, आणि गाडी घेऊन बाईंच्या घरी गेला.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत काका, पाठ दाराकडे. पायांवर सूज इतकी की चपलेचे पट्टे रुतले होते. काका चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. बोटांच्या टोकांना शाईचा निळसरपणा अजून होता.

"या नाकसाहेब," काका न वळता म्हणाले. "आज कशाचा वास नाही म्हणून सांगायला आलात?"

"अहो!" बाई म्हणाल्या.

"का? चाळीस वर्षं रॉकेलनं टाइप धुतले मी. पेट्रोल आणि रॉकेल दोन खोल्यांवरून ओळखतो. आणि मला भास होतात."

नाकोबा खुर्चीच्या पुढे जाऊन जमिनीवर बसला. "काका, वास होता."

काकांनी आता मान वळवली.

"मला येत नाही. नऊ महिने झाले. तापात गेला. कशाचाच येत नाही. तुमच्या गाडीत डोकं घातलं तेव्हाही आला नाही."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "मग डोळे मिटून काय करत होतास?"

"नाटक, बाई."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. पाच-सहा किका झाल्या. मग काका बाईंना म्हणाले, "ऐकलंस?"

"ऐकलं."

"त्याला म्हणावं, परत एकदा सांग."

"परत कशाला?"

"मला बरं वाटतंय."

नाकोबानं परत सांगितलं. होता काका, वास होता, तुम्ही बरोबर होता. काका मान डोलावत राहिले, जुळवलेला मजकूर बरोबर निघाला की डोलावत असतील तसे. मग त्यानं डब्याचं सांगितलं, आणि तो का तुंबला तेही. बाई दारातच खाली बसल्या.

"म्हणजे मीच की रे."

"तू भीतीनं भरत होतीस," काका म्हणाले. "मला पोचवायचं म्हणून. चल, जाऊ दे. आता याच्या नाकाचा काय भरवसा? मलाच खाली न्या."

दोघांनी धरून त्यांना जिना उतरवला. एका मजल्याला पंधरा मिनिटं. काका मागच्या सीटवर बसले, दार लावून घेतलं, काच वर केली, आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. अगदी नाकोबासारखा. बाहेर नाकोबा आणि बाई काचेकडे बघत उभे.

काच खाली आली. "आहे."

"अजून?"

"कमी. पण आहे. बुडाखाली."

नाकोबानं सीटचं बूड काढलं. महिनाभराची वाफ कापडात आणि स्पंजात मुरली होती. ते त्यानं कुंपणाच्या भिंतीवर उन्हात उभं केलं, चारी दारं उघडी टाकली, खालचा पत्रा साबणाच्या पाण्यानं पुसला. काका पायरीपाशी खुर्ची टाकून बसले आणि दर अर्ध्या तासानं हुकूम सोडत राहिले. "उलटं कर ते." "आण इकडं. अजून नाही." "तू नको हुंगूस, तुला काय कळतंय, मला दे." हे ऐकून बाईंना हसू आलं, मग नाकोबाला, आणि नाकोबा बऱ्याच दिवसांनी पोटातून हसला.

उन्हं उतरली तेव्हा काकांनी सीटला नाक लावून शेवटचा निकाल दिला. "आता नुसता हिच्या पर्समधल्या बामाचा येतोय. तो चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला नाकोबानं शटर वर केलं. फळीवरच्या तीन बाटल्यांकडे हात गेला आणि निम्म्यातच थांबला.

"काय नाकोबा," टायरवाला ओरडला, "काय म्हणतंय नाक?"

"गेलंय. नऊ महिने झाले."

टायरवाला खो खो हसला. मग नाकोबाचं तोंड बघून हसायचा थांबला, आणि हातातला टायर घेऊन तसाच दारापर्यंत आला. "खरंच की काय रे? मग ते हातबीत?"

नाकोबा उत्तर देणार तोवर फोन वाजला. बाई. मागे हॉस्पिटलातली घोषणा ऐकू येत होती.

"पोचलो रे. मशीनला लावलंय त्यांना."

"दिवा?"

"नाही लागला. वाटेत पेट्रोल भरलं. पहिल्या खटक्याला थांबवलं. म्हणजे, मी म्हणणारच होते घाल अजून, पण हे मागून असे ओरडले की तो पंपावरचा माणूसच नळी टाकून पळाला."

"आणि काका? मळमळ?"

"झोपले होते वाटेत," बाई म्हणाल्या. "काच बंद करून."