दहावीची हजेरी कपाशीत

दहावीत असताना मी अख्खा वर्ग शाळेतून पळवून नेला, तोही वर्गाची हजेरी वाढावी म्हणून.

यात माझा दोष नाही, संस्कारांचा आहे. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील शेतकऱ्यांच्या चळवळीत. बाकीची मुलं 'कमळ' आणि 'बदक' वाचायला शिकली, मी 'जाहीर निषेध' वाचायला शिकले. शाळेत डस्टर हरवलं तरी मी आधी निवेदन लिहायचे. वर्ग मला 'पुढारीन' म्हणायचा. (ते कौतुक आहे असं मी बरीच वर्षं समजत होते!)

आमचं गाव सोनाळ्याजवळ. वर्गाच्या खिडकीतून सातपुडा दिसायचा. दुपारच्या तासाला तो इतका निळा आणि इतका जवळ यायचा, की हात बाहेर काढला तर बोटांना निळा रंग लागेल असं वाटायचं. त्या खिडकीशी माझ्या बाकावर दुर्गा बसायची. डोंगराकडे बघत बघत ती गणिताचं उत्तर सांगून टाकायची आणि आम्ही वहीत पायऱ्या शोधत बसायचो. मागच्या बाकावर अनीस. त्याचे अब्बा गाद्या भरायचे, त्यामुळे त्याच्या केसांत कापसाचा एखादा पुंजका कायम तरंगत असायचा. घाई हा शब्द त्याला माहीत नव्हता. सरांनी प्रश्न विचारला की तो उत्तर आधी मनात पिंजून घ्यायचा, तोवर तास संपायचा.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर वर्ग ओस पडायला लागला. बीटीचं बियाणं यायच्या आधी कापूस म्हणे दमादमानं फुटायचा. आता गावातली सगळी बोंडं ठरवल्यासारखी एकदम फुटायची, वेचायला माणूस मिळायचा नाही, आणि मग पोरं शाळेतून शेतात! त्यातच बातमी आली की पट तपासायला शिक्षण खात्याचे साहेब येणार. दहावीची तुकडी नवीन होती. हजेरी कमी दिसली तर तुकडी बंद आणि आम्ही सगळे सोनाळ्याच्या शाळेत.

मला सोनाळ्याचं भय नव्हतं. पण दुर्गाच्या बाबांनी सांगून ठेवलं होतं, "गावात शाळा हाय तवरिक शाळा. गावाभायेर पोरगी पाठवत नाही." म्हणजे तुकडी बंद तर दुर्गाची दहावी बंद. आणि साहेब यायच्या दिवशी दुर्गाच गैरहजर!

मुख्याध्यापकांकडे उपाय तयार होता. "नववीची चार पोरं आणून बसवू. साहेब काय चेहरे ओळखतात?"

मी उभी राहिले. "सर, हा लबाडीचा मार्ग आहे! आम्ही खोटी हजेरी लावू देणार नाही!"

"मग खरी आण," सर म्हणाले आणि साहेबांची जीप बघायला फाट्यावर गेले.

मी दुर्गाच्या शेतात धावले. दुर्गा, गजू आणि वर्गातली आणखी काही मंडळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झोळ्या बांधत होती. दुर्गाच्या बाबांनी मला बघून आभाळाकडे बोट केलं.

"ढग पाह्यले का? कापूस भिजला तर वर्षाचं मातेरं होते. आजची वेचनी झाल्याबिगर कोनाले सोडत नाही."

"काका, शिक्षण हा हक्क आहे!"

"हाव ना. मी काय नाही म्हनून राह्यलो? पन हक्कानं कापूस झाकते का?"

याला उत्तर कोणत्याच पत्रकात नव्हतं. मग मला ती कल्पना सुचली. (अशा कल्पना मला अजूनही सुचतात. घरचे लगेच दार लावून घेतात.) उरलेला वर्ग आणायचा, सगळ्यांनी मिळून झपाट्यानं वेचणी उरकायची आणि मधल्या सुट्टीच्या आत सगळे शाळेत! श्रमाची एकजूट!

वर्गात परत येऊन मी भाषण केलं. एरवी माझ्या भाषणाला अनीस जांभई द्यायचा. त्या दिवशी मात्र भाषण संपायच्या आत वर्ग रिकामा. गणिताचा तास होता, हे कारण असू शकतं.

शेतात पोचून मी पहिल्या बोंडाला हात घातला आणि दुर्गाची आई ओरडली, "हात नको लावू! सीतादही व्हायची हाय!"

पहिल्या वेचणीआधी शेतात पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मगच कापसाला हात. पूजेची तयारी होती, भात होता, दही यायचं होतं. दही आणायला गेलेला माणूस वाटेत कोणाशी तरी पावसाविषयी बोलत उभा होता.

"काकू, आमच्याकडे वेळ कमी आहे."

"मंग सीतामायले सांग तसं," काकू म्हणाल्या.

दही आलं. पूजा झाली. प्रसाद म्हणून दहीभात, आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. काकूंनी मला दोनदा वाढलं, कारण माझ्या तब्येतीकडे बघून त्यांना चळवळीची काळजी वाटली.

मग मात्र वेचणी सुरू झाली, आणि काय सांगू! ढग होते ते हळूहळू विरले आणि लख्ख ऊन पसरलं. चहूकडे पांढरं. कमरेपर्यंत कपाशी, वर फक्त डोकी. डोकी बोलत होती, हसत होती, पाण्यावरून वाहत आल्यासारखी इकडून तिकडे जात होती. कोणी कविता म्हणत होतं, कोणी मुख्याध्यापकांची नक्कल करत होतं. दुर्गा दोन्ही हातांनी वेचत होती, जणू बोंडांतून उत्तरं काढत होती. शाळा, पट, साहेब, सगळं दूर कुठेतरी डोंगरापलीकडे गेलं.

"पुढारीन, टोपी घाल वं, ऊन लागन!" गजू म्हणाला. सगळ्यांच्या डोक्यावर बियाणं कंपनीनं फुकट वाटलेल्या टोप्या होत्या.

"कंपनीची टोपी मी मरेन पण घालणार नाही!"

"मर मंग," गजू म्हणाला.

मेले नाही. पण डोकं तापलं, पोटात दोनदा वाढलेला दहीभात आणि समोर वेचलेल्या कापसाचा मोठा ढीग. मी त्यावर जरा टेकले. दोनच मिनिटं, आणि तेही पुढच्या भाषणाचे मुद्दे जुळवायला.

यापुढचं सगळं मला दुर्गानं सांगितलं.

रिकामा वर्ग बघून मुख्याध्यापक पांढरे पडले. पण तेही मुरलेले. "साहेब, आज क्षेत्रभेट आहे. कार्यानुभव!" असं म्हणत त्यांनी जीप सरळ शेताकडे वळवली. साहेब धुऱ्यावर उभे राहिले. सरांनी तिथेच हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"गजानन!"

आता शेगाव इतकं जवळ असल्यावर आमच्याकडे गजाननांना काय तोटा? वर्गातला गजू "हजर!" म्हणाला. दुर्गाचे बाबाही "हाव!" म्हणाले. बैलगाडीवाल्यानं गाडी थांबवली. पलीकडच्या शेतातून कोणीतरी ओरडलं, "काऊन बे, काय काम हाय?"

साहेबांनी चष्मा काढला. "पटापेक्षा हजेरी जास्त कशी?"

"गावाला शिक्षणाची फार ओढ आहे, साहेब," सर म्हणाले.

मग दुर्गाचं नाव आलं. झोळी सावरत ती ताठ उभी राहिली आणि असं "हजर!" म्हणाली, की तिच्या आईनं वेचता वेचता मान वर केली. एकेक करत सगळे उभे राहिले. नंतर माझं नाव आलं.

"ललिता!"

सरांनी पुन्हा हाक मारली. अनीसनं ढिगाकडे बघितलं, नेहमीप्रमाणे वेळ घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा तास संपायच्या आत उत्तर दिलं.

"हाय सर. पन हजर नाही."

साहेब म्हणे खूप हसले. तुकडी राहिली. मला जाग आली तेव्हा जीप गेली होती, ढीग माझ्या आकाराचा खोलगट झाला होता आणि दुर्गाचे बाबा कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते.

"पोरी, आता वेचनी असली तरी दुर्गी शाळेत येईन. दहावीची परीक्षाबी देईन."

माझे डोळे भरून आले. "काका! म्हणजे माझं म्हणणं तुम्हाला पटलं?"

"तू कुठी काय म्हनली? तू तं घोरत होती. दुर्गी साहेबाच्या म्होरं 'हजर' म्हनली ना, तवा पटलं. पन एक अट हाय. पुढच्या वेचनीले तू येऊ नको."

त्यानंतर मी पुष्कळ मोर्चे काढले, धरणं धरलं, निवेदनं दिली. माझ्या सगळ्या लढ्यांपैकी पूर्ण यशस्वी झालेला लढा तेवढा एकच, आणि त्यात मी झोपले होते.