ड्रोबेक आजीचा डावा पाय

दोन ट्राम बदलून, बंद पडलेल्या लिफ्टला मनातल्या मनात शिव्या घालत ब्लाझेना कुबाटोवा स्टुडिओच्या तिसऱ्या मजल्यावर पोचली, तेव्हा ड्रोबेक आजी टेबलावर पालथी पडलेली होती. नवी आजी. अंगाला अजून रंगाचा वास येत होता. पर्स खाली ठेवायच्या आधी ब्लाझेनाने तिला उताणी केली आणि डोक्याखाली स्वतःचा रुमाल घडी करून सरकवला. बाहुलीला तोंडावर निजवायचं नाही, हे खेळ करणाऱ्यांच्या घरात रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. इथे मात्र सगळे शिकलेले होते.

“बसा, कुबाटोवाबाई. आधी एक गंमत दाखवतो,” तादेयाश म्हणाला.

तादेयाश म्हणजे नव्या मालिकेचा दिग्दर्शक. वय बत्तीस, मनाने वाईट नाही, पण डोळ्यांखाली आठवड्याभराची जागरणं. त्याने दोऱ्या धरून आजीला उभी केली. आजी डावीकडे कलली.

“डावा पाय बोटभर आखूड कोरलाय. आता कुणीही चालवू दे, ती लंगडणारच. अगदी जुन्या आजीसारखी. बघा ना.”

ब्लाझेना गप्प राहिली. बहात्तराव्या वर्षी तीन मजले चढून आलेला माणूस पटकन बोलत नाही. तादेयाशने तो होकार समजला आणि सहीचा कागद पुढे सरकवला.

कागद साधाच होता. ड्रोबेक कुटुंब एकेकाळी सोळा वर्षं दर रविवारी संध्याकाळी टीव्हीवर यायचं. दुरुस्त करायला घेतलेली प्रत्येक वस्तू कायमची मोडणारा बाप, त्याला बोलून बोलून दमलेली आई, जुळी पोरं, आणि कुणालाही न जुमानता आपलं तेच खरं करणारी आजी. आजी जन्माला घातली ब्लाझेनाच्या नवऱ्याने, ओटाने. तिचा आवाज ओटाचा, तिच्या दोऱ्या ब्लाझेनाच्या हातात. ओटा जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, आणि आजीवरचा त्याचा हक्क ब्लाझेनाकडे आला. तिने सही केली तरच आजी परत येणार, नाहीतर ड्रोबेक कुटुंब आजीशिवाय. आणि आजीशिवाय ड्रोबेक म्हणजे मिठाशिवाय सूप, हे तादेयाशलाही कळत होतं.

खरं सांगायचं तर ती सही करायलाच आली होती. गेले चार महिने फोन, पत्रं, पुन्हा फोन. ती कंटाळली होती. सही करावी, घरी जावं, गरम पाण्यात पाय सोडून बसावं, एवढाच तिचा बेत होता.

“हा पाय सरळ करा,” ती म्हणाली. “मग सही.”

तादेयाश हसला. मग ती हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

“अहो, पण लोकांना आजी आठवते ती लंगडीच. आम्ही दोनशे लोकांना विचारलं. बापाचं नाव निम्म्यांना आठवेना, पण आजीचं लंगडणं सगळ्यांना. माझी आई तर चालून दाखवते.”

“दाखवत असेल. पाय सरळ करा.”

“वीस मिनिटांचा खेळ आता सात मिनिटांत बसवायचाय. दोऱ्या संगणकावर पुसून टाकणार. आवाज आधीच भरून ठेवलेत. आजी लंगडली नाही, तर पहिल्या पाच सेकंदांत लोक म्हणणार, ही आमची आजी नव्हे. आणि फोनवर बोट सरकवून दुसरीकडे जाणार.”

“जाऊ देत.”

“निदान कारण तरी सांगाल?”

कारण तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने पर्स उचलली आणि खाली कॅन्टीनची वाट धरली.

कॅन्टीनमध्ये लसणाचं सूप होतं आणि कालचा पाव. तिच्या मागोमाग रादिम आला आणि समोर बसला. नवी आजी त्यानेच कोरली होती आणि दोऱ्याही तोच ओढणार होता. पंचेचाळिशीचा माणूस. सकाळी शाळेत सुतारकाम शिकवायचा, दुपारी इथे राबायचा, शनिवार-रविवार गावोगाव खेळ करायचा. सूप पिताना त्याचा डोळा लागेल की काय अशी भीती वाटायची.

“पाय मी कोरला, ब्लाझेनाबाई. आता म्हणाल, नाचता येईना अंगण वाकडं. पण मी जुनं चित्रण शंभर वेळा बघितलं. तुमचं लंगडणं मला हाताने जमेना. एकदा जमतं, दुसऱ्यांदा नाही. त्याला लयच सापडत नाही. म्हणून शेवटी पायातच घातलं.”

“लय सापडणार नाहीच,” ती म्हणाली. “लय नव्हतीच त्याला.”

तेवढ्यात हेडविका ट्रे घेऊन आली. नव्या आजीचा आवाज हिचा. साठीची जुनी नटी, जाड भुवया, बोलण्यात कुणाची भीडभाड नाही. ती विचारल्याशिवाय शेजारी बसली.

“काय गं, सही नाही म्हणालीस? वर तो तादेयाश रडायचा बाकी आहे.”

ब्लाझेनाने पाव सुपात बुडवला. दमलेल्या माणसाला गुपित सांभाळायचाही कंटाळा येतो. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिने त्या दोघांना सांगून टाकलं.

ओटा तरुणपणी दहा वर्षं कोळशाच्या खाणीत होता. खाणीने त्याला काढलं नाही, त्यानेच खाण सोडली, पण खाण छातीत बसून राहिली. टीव्हीवरच्या कुणाला हे माहीत नव्हतं. माहीत झालं असतं तर आवाजाचं काम त्याला कुणी दिलं असतं? त्या काळी टेप मोलाची, कापाकापी करायची नाही. वीस मिनिटांचा भाग एका दमात उतरवायचा. कुणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि वरून साहेबांची बोलणी. ब्लाझेना उंच माचावर उभी राहून खाली आजीला नाचवायची, आणि ओटा माचाच्या पायाशी मायक्रोफोन धरून बसायचा. लांब वाक्याच्या मध्येच त्याचा श्वास संपायचा, खोकला वर यायचा.

“पहिल्यांदा झालं तेव्हा मला काहीच सुचेना. मी गुडघ्याची दोरी सोडली. आजीचा पाय मुडपला, ती भेलकांडली, टेबलाला धरून उभी राहिली. तेवढ्यात हा खोकून मोकळा झाला आणि म्हणाला, ‘अगं बाई, हा पाय मला एक दिवस खड्ड्यात घालणार!’ कॅमेरेवाला हसून लाल. पुढच्या रविवारपर्यंत आजीच्या पायाला लावायला लोकांनी सहा मलमं पाठवली. मग काय, झालं. तिला लंगडायची परवानगी मिळाली.”

“म्हणजे...” रादिमने चमचा खाली ठेवला.

“म्हणजे ओटाला दम लागला की आजी लंगडायची. कधी डावा पाय, कधी उजवा, हाताला जी दोरी लागेल ती. तुमच्याकडे तीन भाग उरलेत, बाकीच्या टेपवर त्यांनी फुटबॉलचे सामने भरले. त्यांत नेमका डावा जास्त आला असेल. सोळा वर्षं मी त्याचा श्वास सांभाळला. आता तुम्ही तो लाकडात कोरलात आणि म्हणताय, गंमत बघा. मला ते सोसत नाही, बाबा. बाकी काही नाही.”

रादिम मान खाली घालून बसला. हेडविका मात्र भुवया वर करून तिच्याकडे बघत राहिली.

“आधी खोकला, मग लंगडणं?” तिने विचारलं.

“नेहमीच.”

“तिसऱ्या भागात उलटं आहे.”

“काहीतरीच.”

“अगं, तुझ्या नवऱ्याचा आवाज उचलायचा म्हणून मी ते तीन भाग कानाला लावून झोपलेय महिनाभर. प्रत्येक खोकला मला तोंडपाठ आहे. पहिल्या दोन भागांत तू म्हणतेस तसंच. तिसऱ्यात आजी आधी लंगडते. तीन वेळा. आणि मग तो खोकतो.”

“तुझा कान चुकला.”

“मग चल वर, डोळ्यांनी बघ.”

पुन्हा तीन मजले. ब्लाझेना प्रत्येक मजल्यावर थांबली, रादिमने तिची पर्स धरली. तादेयाशने काही न विचारता तिसरा भाग लावून दिला. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती, मार्च १९८७.

तारीख बघून ब्लाझेना खुर्चीत बसली. त्या जानेवारीत ट्रामच्या थांब्यावर बर्फावरून घसरून तिचा उजवा खांदा निखळला होता. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले, ती सहा आठवड्यांत माचावर चढली, कारण थांबली असती तर आजीच्या दोऱ्या दुसऱ्या कुणाच्या हातात गेल्या असत्या. सगळ्यांना तिने सांगितलं, खांदा बरा झाला. ओटालाही तेच सांगितलं. त्या दिवसांत तो रोज सकाळी तिचे केस विंचरून द्यायचा, पण त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही, आणि तिला वाटलं की आपण त्याला फसवलं.

पडद्यावर आजी भिंतीवरच्या फडताळाकडे निघाली होती. खसखशीचा केक चोरायचा होता तिला. चौथ्या पावलावर तिचं अंग खाली आलं, दोन्ही पाय मुडपले. हे दोरी सोडणं नव्हतं. हे वरच्या हातातलं बळ संपणं होतं, ब्लाझेनाला बघताक्षणी कळलं. दोऱ्या बांधलेली दांडीच खाली आली होती. पाव सेकंद गेला असेल नसेल. आणि मग खालून ओटाचा खोकला. मोठा, लांबलचक, नाटकी. आजी तिथेच टेबलाला टेकून खोकत राहिली. “थांबा रे जरा, म्हातारीला दम खाऊ द्या,” ओटा म्हणाला. आणि खोकला थांबला केव्हा, तर आजी पुन्हा सरळ झाली तेव्हा.

“पुन्हा लाव,” ब्लाझेना म्हणाली.

तादेयाशने पुन्हा लावलं. मग त्याच भागातले पुढचे दोन प्रसंग. तिन्ही वेळा तेच. ओटाचा खरा खोकला कसा होता ते तिच्याइतकं कुणाला माहीत? छातीच्या तळातून यायचा, कोरडा, आणि मागे शिट्टीसारखा बारीक आवाज. या तिन्हीत ती शिट्टी नव्हती. खाणीतून आलेला तो माणूस, ज्याचं अर्धं आयुष्य खोकला दाबण्यात गेलं, तो रविवारी संध्याकाळी सगळ्या देशासमोर खोटं खोकत होता.

“लबाड,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. “नऊ वर्षं जगला त्यानंतर. एकदाही बोलला नाही.”

मग रादिमने टेबलावरची आजी उचलली, डावा बूट काढला, खिशातला चाकू काढून चामड्याचा एक तुकडा कापला आणि तळाशी बसवून बघितला. एक पुरेना, म्हणून दुसरा कापला. आजी सरळ उभी राहिली.

“पण मग ती लंगडणार कधी?” तादेयाशने हळूच विचारलं. त्याचा आवाज आता हट्टाचा नव्हता. “हेडविकाबाईंचा आवाज तर भरून ठेवलाय. त्याला काही दम लागत नाही.”

“तो पुसून टाक,” ब्लाझेना म्हणाली. “हिला माचाच्या पायाशी बसव. रादिमच्या खाली. दोघं एकाच वेळी.”

“वेळापत्रक कोलमडेल हो. सगळ्यांना एकत्र आणायचं म्हणजे...” तो थांबला, डोळे चोळले, पडद्यावर थांबवून ठेवलेल्या आजीकडे बघितलं. “फक्त आजीचे प्रसंग. तेवढं बसवतो कसंतरी.”

ब्लाझेनाने कागद ओढून घेतला, पेन उघडलं, आणि सही करायच्या आधी हेडविकाकडे वळली. रादिम बुटाची नाडी बांधत होता. जांभई आवरताना ती दोनदा त्याच्या बोटांतून निसटली.

“हा पोरगा तीन-तीन कामं करतो. याचा हात खाली येणार, लिहून ठेव,” ती म्हणाली. “तुला खोकता येतं का गं?”

“चाळीस वर्षं सिगारेट ओढलीये,” हेडविका म्हणाली. “तू सही कर.”