डंकीला बांधलेली तार

माझा नवरा भित्रा नव्हता, हीच माझी खरी अडचण होती. भित्र्या माणसाशी संसार केला असता तर घरातली निम्मी भीती त्याने वाटून घेतली असती. इथे सगळी माझ्या एकटीच्या पदरात पडली.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. धुळे जिल्ह्यातून सुरतेला येऊन आम्ही पांडेसऱ्याच्या मिलांमागे एका गल्लीत राहत होतो. दोन खोल्या, वर पत्रे, आत मी, नवरा आणि सासूबाई. गल्लीत अर्धी घरं आमच्या खान्देशातली, बाकीची बरीचशी मराठवाड्यातली. नवरा रंगाच्या मिलमध्ये होता. एक दिवस त्याने नोकरी सोडली आणि हातगाडीवर घालून एक जुनं मशीन घरी आणलं. पुढच्या खोलीत ते बसवलं आणि आम्ही मागच्या खोलीत सरकलो.

मशीन लेस कापायचं होतं. साडीला लावायची नायलॉनची लेस रुंद पट्ट्यात विणून यायची, ती आमच्याकडे बारीक कापली जायची. नायलॉन कात्रीने कापलं तर दोरे निसटतात. तापलेल्या पातीने कापलं की कड वितळून जागच्या जागी बंद होते. म्हणून मशीनवर ओळीने पात्या होत्या आणि त्या सतत तापलेल्या लागायच्या. पट्टा ओढणारी मोटर गरीब, तिचं खाणं चिमणीचं. पात्या मात्र बकासुर. त्यात पंख्याच्या वाऱ्याने पात्या थंड होतात म्हणून पंखा लावायचा नाही. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली, पात्यांसमोर बसून मी लेस गुंडाळायचे. जळक्या नायलॉनचा वास केसांत बसला होता, तो शिकेकाईनेही जात नसे.

पहिलं बिल आलं ते गुजरातीत होतं. पण आकड्याने डोळे पांढरे व्हायला गुजराती यावी लागत नाही. शिवाय मीटर घरगुती. घरच्या मीटरवर धंद्याचं मशीन चालवणं गुन्हा, हे मला ठाऊक होतं. गल्लीत खाकी कपड्यातला कोणीही शिरला की मी आधी मशीन बंद करायचे. पोस्टमनलासुद्धा मी कित्येकदा वीज कंपनीचा चेकिंगवाला समजले. मीटर दाराच्या वर होता. त्याच्या काचेतलं चाक पात्या तापल्या की गरगर फिरायचं, आणि मला येता-जाता वर बघायची सवयच लागली.

धंद्याचा मीटर घ्यायचा तर दर वेगळा, अनामत वेगळी. नवऱ्याने तिसरीच वाट काढली. मिलमधल्या कोणी वायरमनने त्याला सांगितलं होतं, की पात्यांतून वीज परत नेणारी तार मीटरकडे न आणता जमिनीत सोडली, की मीटरला तिचा पत्ता लागत नाही. मागच्या भिंतीला लागूनच गल्लीची डंकी होती. डंकी म्हणजे हातपंप, सुरतेत त्याला तोच शब्द. तिचा लोखंडी पाइप खोल पाण्यापर्यंत गेलेला. नवऱ्याने मागच्या खिडकीतून तार काढली, विटांच्या फटीतून खाली नेली आणि मातीखाली डंकीच्या पाइपला बांधली. मोटर पहिल्यासारखीच घरच्या तारेवर ठेवली, पात्या डंकीवर.

मी भांडले. दोन दिवस चूल सोडून सगळ्याशी अबोला धरला. तो म्हणाला, “अगं, जमीन सगळं गिळते.”

“गिळते,” मी म्हणाले, “पण ढेकर दिली म्हणजे?”

तो हसला. त्याच्या हसण्याचा मला तेव्हा जितका राग आला तितका पुढे कधी कशाचाच आला नाही. त्या डंकीवर अख्खी गल्ली पाणी भरायची. बायका अनवाणी, पोरं ओली, धुण्याचे दगड शेजारीच. एकदा परभणीकडची शेजारीण म्हणाली, “हाताला काही तरी चावल्यावानी होतंय गं.” माझ्या हातातली बादली निसटली. नवऱ्याला सांगितलं तर वीज मातीत मुरावी म्हणून त्याने डंकीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतलं आणि म्हणाला, “आता नाही चावणार.” खरंच नाही चावलं. पण तेव्हापासून मशीन सुरू झालं की मी बाहेर जाऊन आधी बोटांच्या पाठीने डंकीला शिवायचे. तळहाताने धरलं तर हात सुटत नाही, असं कुठेतरी ऐकलं होतं. रोज शिवायचे आणि रोज वाटायचं, आज काही मी घरात परत येत नाही.

आखाजी जवळ आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आम्हा खान्देशी माणसांना दिवाळीहून मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. आणि घरातून गेलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी नवी घागर भरतात. ताजं पाणी, घागरीवर डांगर म्हणजे खरबूज, पुढे पुरणपोळी आणि आमरस. सासरे जाऊन काही वर्षं झाली होती. त्यांच्या नावाची एक घागर आमच्याकडे भरायची.

नेमकी तेव्हाच डंकी कोरडी पडली. आखाजीला पाणी नाही म्हणजे पितर तहानलेले राहणार. मग सगळ्या गल्लीने मिळून मिस्त्री बोलावला. नवरा त्या दिवशी तयार लेस घेऊन बाजारात गेलेला. मिस्त्रीने गंजलेला पाइप वर ओढून काढला, तो चाळणीसारखा झाला होता. त्याच्या जागी त्याने पांढराशुभ्र प्लास्टिकचा पाइप खाली सोडला. वर हातभर लोखंड आणि डंकी तेवढी जुनीच ठेवली. पाणी लागलं तशी बायकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आता गंजायची कटकट गेली, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळीच सासूबाई म्हणाल्या, डंकीला नवा पाइप बसलाय, आधी हळदकुंकू वाहीन, मगच घागर भरायची. पाण्यात साती आसरा, म्हणजे जलदेवता, असतात, त्यांना विचारल्याशिवाय पाणी उपसू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यांना आम्ही माय म्हणायचो. माय ताट घेऊन गेल्या. बाकीच्या बाया घागरी घेऊन त्यांच्या मागे. मीही निघाले, तर नवऱ्याने हाक मारली. लग्नसराई होती, काम देणाऱ्या शेठला दुपारपर्यंत लेस हवी होती. “थोडंसंच राहिलंय, पट्टा धर,” म्हणाला. सणासुदीला मशीन लावायचं नसतं हे बोलायला तोंड उघडलं, पण तोवर त्याने बटण दाबलं होतं.

मोटर फिरली. पट्टा पुढे सरकला आणि न कापताच दुसऱ्या बाजूने बाहेर आला. नवऱ्याने थोडी वाट पाहिली, पात्यांजवळ हात नेऊन बघितला. थंडगार. “कुठेतरी तार निसटली,” असं पुटपुटत तो समोरच्या घरी टेस्टर आणायला गेला. बटण तसंच चालू.

मी पट्टा धरून बसले होते. डोक्यावर दिवा जळत होता. मोटर फिरत होती. म्हणजे वीज होती. मग पात्यांची वीज कुठे अडली? ती तर डंकीच्या पाइपातून खाली जमिनीत जाते. आणि तिथेच मला तो पांढरा पाइप दिसला. प्लास्टिक. प्लास्टिकमधून वीज जात नाही, म्हणून तर पकडीच्या मुठीला प्लास्टिक असतं. तार अजून वरच्या हातभर लोखंडालाच बांधलेली होती, म्हणजे वीज खाली गेलीच नव्हती. ती डंकीत येऊन बसली होती आणि हात लागायची वाट बघत होती.

मी किंचाळले की नाही, आठवत नाही. वायरीला धरून पिन उपटली एवढं आठवतं. आणि बाहेर ताट पडल्याचा आवाज. आधी काय झालं, पिन निघाली की ताट पडलं, ते मला आजही सांगता येत नाही. त्यावर मी आयुष्यात फार विचार केला आहे.

बाहेर धावले. माय भिंतीला पाठ लावून चिखलात बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, बोटं आत वळलेली, डोळे मिटलेले. सगळीकडे लाल. रक्तच वाटलं मला. ते कुंकू होतं. बायका घागरी टाकून लांब सरकल्या होत्या.

“आसरा कोपल्या बाई!” परभणीकडची शेजारीण म्हणाली. दुसरी म्हणाली, कोणीतरी विटाळाची डंकीला शिवली असणार. आणि मग सगळ्यांच्या नजरा शेवटच्या घरातल्या नव्या सुनेकडे वळल्या. ती पोर जेमतेम अठराची, घागर छातीशी धरून रडायलाच लागली.

“आसरा नाहीत,” मी ओरडले. “तिने काही केलं नाही. आमच्या घरची वीज आहे ती. आमच्या मशीनची तार डंकीला बांधलेली आहे. कोणी हात लावू नका!”

बोलून गेले आणि लक्षात आलं, आता गल्लीतला कोणीही एक जण चेकिंगवाल्यांना सांगेल. सांगू दे, म्हटलं. मायने डोळे उघडले होते.

तेवढ्यात नवरा टेस्टर घेऊन आला. त्याने एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग घरात जाऊन पक्कड आणली, माती उकरली आणि सगळ्यांदेखत तार तोडली. माय भिंतीला धरून उठल्या.

“ती तार तू बांधेल व्हती?”

“आते काही नही माय. तोडी टाकी.”

“मंग लाव हात.”

त्याने हात पुढे केला. डंकीपासून वीतभर अंतरावर तो थांबला. तार त्याने स्वतःच तोडली होती, पिन मी काढलेली होती, आणि तरी त्याचा हात पुढे जाईना. त्याला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्याची दयाही आली नाही.

“काबरं थांबना?” माय म्हणाल्या. “गल्लीना पोरे रोज आठेच खेळतस.” का थांबलास, गल्लीतली पोरं रोज इथेच खेळतात.

त्याने डोळे मिटून दांडा धरला. काही झालं नाही. मग तो उपसत राहिला. गल्लीतली एकेक घागर पुढे येत गेली आणि त्याने ती भरली. नव्या सुनेची घागर मी स्वतः उचलून तिच्या दारात नेऊन ठेवली. शेठची लेस तशीच मशीनवर लोंबत राहिली. त्या पात्या पुन्हा तापल्या त्या धंद्याचा रीतसर मीटर लागल्यावरच. कमाईतलं निम्मं त्यातच जायचं.

दुपारी सासऱ्यांच्या नावाने घागर मांडली. पाणी सोडायला माय बसल्या. उजव्या हाताची बोटं अजून उघडत नव्हती, म्हणून मी त्या हाताचं मनगट धरलं आणि त्यांनी डाव्या हाताने त्यावरून पाणी ओतलं. पाणी सोडून झाल्यावर त्या लेकाकडे बघून हसल्या.

“मनी घागर पुढला साले भरज्यात,” म्हणाल्या.

माझी घागर पुढच्या वर्षी भरा. त्यांनी थट्टाच केली होती, पण कोणाला हसू आलं नाही. नवरा वाढलेल्या ताटावरून उठला आणि भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला. मी उठले नाही. मायचं मनगट माझ्या हातात होतं, आणि ती बोटं एकेक करून उघडेपर्यंत मी ते सोडलं नाही.